वाचकांचे प्रश्न : क्वार्टरबॅक मोठा कशावरून म्हणायचा?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निवृत्त शिक्षक. मागच्या हिवाळ्यात मुलीकडे कॅन्सस सिटीला पाच महिने होतो. बाहेर बर्फ, त्यामुळे दर रविवारी जावयांबरोबर टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल. हळूहळू खेळ कळायला लागला आणि आवडलाही. पण घरातल्या एका वादाचा निकाल काही लागला नाही. जावई म्हणतात, पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून संघाचा डाव चालवणारा खेळाडू, झाला नाही. त्यांचे बॉस्टनचे मित्र फोनवर म्हणतात, टॉम ब्रेडीकडे विजेतेपदाच्या सात अंगठ्या आहेत, विषय संपला. मी विचारलं, अंगठ्या तर सगळ्या संघाला मिळतात ना? दोघंही हसले. मग मोठेपणा मोजायचा कसा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या प्रश्नावर हसायला नको होतं. या वादात आधी तोच विचारायला हवा, आणि तोच कुणी विचारत नाही.

माझी बाजू आधी सांगून टाकते. बॉस्टनच्या पश्चिमेला एका लहान गावात मी सत्तावीस वर्षं राहते. ब्रेडी इथल्या न्यू इंग्लंड पॅट्रियट्स संघाकडून वीस हंगाम खेळला. आमच्या गल्लीत त्याची बारा नंबरची जर्सी नाही असं घर नव्हतं. आमच्या घरात दोन होत्या. तरीही अंगठ्या मोजून मोठेपणा ठरवणं मला पटत नाही, आणि त्याचं कारण माझा मुलगा. तो शाळेच्या संघात चार वर्षं डावा टॅकल म्हणून खेळला. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक पास द्यायला मागे सरकतो तेव्हा त्याची पाठ डावीकडे होते. तिकडून कोण धावून येतंय ते त्याला दिसत नाही. ती पाठ राखणं हे डाव्या टॅकलचं काम. चार वर्षं मैदानाच्या कडेला उभी राहून मी बॉल कमी आणि ती पाठच जास्त पाहिली.

खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. अकरा विरुद्ध अकरा, शंभर यार्डांचं मैदान, दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न. त्या प्रयत्नाला डाऊन म्हणतात. जवळजवळ प्रत्येक डाऊनला बॉल आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. पाच धिप्पाड लाइनमन त्याच्यासमोर फळी धरतात आणि त्यांच्या आडोशाला जी जागा तयार होते तिला पॉकेट म्हणतात. हे पॉकेट टिकतं अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात समोरचा बचाव ओळखायचा, पळत सुटलेल्या चार-पाच सहकाऱ्यांपैकी कोण मोकळा होणार ते हेरायचं, आणि तो मोकळा व्हायच्या आधीच बॉल हातातून सोडायचा. प्रशिक्षक कानात बोलतो, पण तेही काही काळच. 1994 पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असतो, आणि 40 सेकंदांच्या घड्याळात 15 सेकंद उरले की तो बंद होतो. तिथून पुढे तो एकटा.

आता अंगठ्या. सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला की संघातल्या प्रत्येकाला अंगठी मिळते, बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूलाही. ब्रेडीची पहिली अंगठी फेब्रुवारी 2002 मधली, सेंट लुईस रॅम्सविरुद्ध. त्या दिवशी त्याच्या पासांचे सगळे मिळून 145 यार्ड झाले. एक टचडाउन (बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) बचावफळीतल्या टाय लॉने रॅम्सचा पास मधल्यामध्ये पळवून केलं, आणि अगदी शेवटच्या क्षणी अ‍ॅडम व्हिनातिएरीने 48 यार्डांवरून तीन गुणांची किक मारली तेव्हा 20–17 असा निकाल लागला. सोळा वर्षांनी, फेब्रुवारी 2018 मध्ये, फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध त्याच ब्रेडीने 505 यार्ड काढले, तीन टचडाउन पास दिले, एकही इंटरसेप्शन, म्हणजे विरोधकाने पास पळवणं, होऊ दिलं नाही. पॅट्रियट्स 41–33 हरले. 145 यार्डांना अंगठी, आणि 505 यार्डांना काही नाही.

मधली एक अंगठी तर तो बाकावर असताना ठरली. फेब्रुवारी 2015, समोर सिअ‍ॅटल. आमच्या दिवाणखान्यात त्या रात्री पंधरा माणसं होती, पातेलंभर पावभाजी केली होती, आणि शेवटच्या मिनिटाला कुणीही खात नव्हतं. सिअ‍ॅटलला टचडाउनसाठी एक यार्ड हवा होता. पास सुटला, आणि माल्कम बटलर नावाच्या, त्या वर्षी ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) कुणीच न निवडलेल्या पोराने तो रेषेवर झेलला. मैदानाबाहेर ब्रेडी लहान मुलासारख्या उड्या मारत होता. बटलरचा हात जरा उशिरा पोचला असता तर आज जावयांचे मित्र सहा अंगठ्या मोजत असते. ब्रेडीत काय फरक पडला असता? तुम्ही नाशिकचे आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर सचिनने 18 धावा केल्या आणि विश्वचषक आपल्याकडे आला. सचिन त्या रात्री मोठा झाला असं आपण कुणीच म्हणत नाही.

म्हणून अंगठ्या मोजायच्याच नाहीत, असंही माझं म्हणणं नाही. डॅन मरिनोने 1984 मध्ये एका हंगामात 5,084 यार्ड आणि 48 टचडाउन पास दिले, तेव्हा असं काही करता येतं हेच लोकांना माहीत नव्हतं. त्याला अंगठी कधी मिळाली नाही. ट्रेंट डिल्फरला मिळाली, कारण 2000 च्या हंगामात बाल्टिमोरच्या बचावफळीने 16 सामन्यांत समोरच्यांना फक्त 165 गुण दिले. डिल्फर मरिनोपेक्षा मोठा, असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. मी अंगठी पाहते, पण ती कुठल्या वाटेने आली तेही पाहते. 2002 च्याच सामन्यात गुण सारखे होते, 1 मिनिट 21 सेकंद उरले होते, हाताशी एकही टाइमआउट नव्हता. समालोचक जॉन मॅडेनचं मत पडलं की आता घड्याळ संपू द्यावं आणि जादा वेळेत बघावं. ब्रेडी तेव्हा 24 वर्षांचा, जखमी माणसाच्या जागी संघात आलेला. छोटे छोटे पास देत त्याने संघाला किकच्या टप्प्यात नेलं. ते 81 सेकंद त्याचे स्वतःचे. त्या अंगठीतला तेवढा भाग मी निःशंकपणे त्याच्या नावावर लिहिते.

आणखी एक कसोटी आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. माणूस नसला की काय होतं? पेटन मॅनिंग 2011 चा अख्खा हंगाम मानेच्या दुखण्यामुळे खेळला नाही. आदल्या वर्षी त्याचा इंडियानापोलिस कोल्ट्स संघ 10 सामने जिंकला होता. तो नसताना 16 पैकी 2. पाच वेळा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण त्या पाच पुरस्कारांपेक्षा हे दोन आकडे मला जास्त सांगून जातात. मॅनिंगचंच पुढचं बघा. 2013 मध्ये डेन्व्हरकडून त्याने 5,477 यार्ड आणि 55 टचडाउन असा विक्रम केला आणि सुपर बोलमध्ये त्याचा संघ 43–8 असा भुईसपाट झाला. 2015 मध्ये मान आणि पाय दोन्ही थकलेले, हंगामात 9 टचडाउन आणि 17 इंटरसेप्शन, आणि बचावफळीच्या जिवावर अंगठी मिळाली. अंगठीवरून ठरवायचं तर 2015 चा मॅनिंग 2013 च्या मॅनिंगपेक्षा मोठा ठरतो.

हीच कसोटी ब्रेडीला लावली की आमच्या गावातली माणसं अस्वस्थ होतात. 2008 मध्ये पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. त्याच्या जागी मॅट कॅसल आला. शाळा सोडल्यापासून तो एकाही सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून सुरुवातीपासून खेळला नव्हता. तरी संघ 11 सामने जिंकला. म्हणजे प्रशिक्षक बिल बेलिचिक आणि बाकीच्या संघाचं योगदान मोठं होतं, हे मान्य करावंच लागतं. पण 2020 ची गोष्टही तितकीच खरी आहे. ब्रेडी टँपा बेला गेला. आदल्या वर्षी 7 जिंकून 9 हरलेला तो संघ त्याच हंगामात सुपर बोल जिंकला, आणि इकडे आमचे पॅट्रियट्स 7–9 वर आले. ब्रेडी तेव्हा 43 वर्षांचा होता.

काळाचा फरक धरला नाही तर जुन्या माणसांवर फार अन्याय होतो. पूर्वी बचाव करणारा खेळाडू पास घ्यायला निघालेल्या माणसाला मैदानभर ढकलत नेऊ शकायचा. 1978 मध्ये नियम आला की पाच यार्डांपुढे हात लावायचा नाही. लाइनमनला हात लांब करून, तळवे उघडे ठेवून अडवायची परवानगीही तेव्हाच मिळाली. जॉनी युनायटसने 1956 ते 1960 या काळात सलग 47 सामन्यांत किमान एक टचडाउन पास दिला, तो या बदलांच्या आधी, आणि डावही बहुतेक स्वतःच ठरवायचा. तो विक्रम मोडायला 2012 उजाडलं. म्हणून कुणी मला यार्डांचा आकडा सांगितला की मी आधी साल विचारते.

आणि ज्यांना उभंच राहू दिलं नाही त्यांचं काय? वॉरन मून रोझ बोल हा कॉलेजांचा मानाचा सामना जिंकून आला, तरी 1978 च्या ड्राफ्टमध्ये एकाही संघाने त्याला क्वार्टरबॅक म्हणून घेतलं नाही. कृष्णवर्णीय मुलांना तेव्हा सर्रास जागा बदलायला लावायचे: तू पळ, तू पास झेल, डोकं चालवायचं काम दुसरा करेल. मूनने जागा बदलली नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, तिथल्या लीगचे सलग पाच ग्रे कप जिंकून 1984 मध्ये ह्यूस्टनला परतला, आणि 2006 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, पोचला. ती सहा वर्षं एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य लीगच्या, तक्त्यात कोरी आहेत. यादीत मूनचं नाव खाली दिसलं की मला त्या कोऱ्या जागेचा राग येतो.

आता माझी स्वतःची रीत. मी क्वार्टरबॅकला हरलेल्या सामन्यात पाहते.

हे मी शिकले मुलाच्या शाळेच्या मैदानावर. मॅसॅच्युसेट्समध्ये थँक्सगिव्हिंगच्या सकाळी शेजारच्या दोन गावांच्या शाळांचा सामना असतो. मुलाचं शेवटचं वर्ष होतं, बारीक पाऊस, मैदानाचा मधला पट्टा नुसता चिखल. तिसरा डाऊन, आठ यार्ड हवे होते. समोरचा मुलगा बाहेरून जातो असं दाखवून आत शिरला, माझ्या मुलाचा पाय घसरला, आणि क्वार्टरबॅकच्या पाठीवर तो आदळलेला आवाज मला कडेपर्यंत ऐकू आला. बॉल सुटला, समोरच्यांनी उचलला, सामना तिथेच गेला. माझा मुलगा गुडघ्यांवर तसाच बसून राहिला. क्वार्टरबॅक उठला, हेल्मेटच्या जाळीत माती भरलेली, आणि सरळ त्याच्याकडे आला. खांद्याच्या पॅडला धरून त्याला उभं केलं, काहीतरी बोलला. काय ते मला घरी जाताना गाडीत कळलं. "मी बॉल फार वेळ धरून ठेवला. चूक माझी." चूक त्याची नव्हती, हे तिघांनाही माहीत होतं: त्याला, माझ्या मुलाला आणि मला. पुढच्या डावात माझ्या मुलाने समोरच्याला एक पाऊल आत येऊ दिलं नाही.

मोठ्या मैदानावरही मी हेच शोधते. जानेवारी 1989, सुपर बोल, सॅन फ्रान्सिस्को सिनसिनाटीच्या तीन गुणांनी मागे, तीनेक मिनिटं उरलेली, बॉल स्वतःच्या 8 यार्डांवर. म्हणजे 92 यार्ड जायचं. हडलमध्ये, म्हणजे डाव ठरवायला खेळाडू घोळका करतात तिथे, लाइनमन हॅरिस बार्टन ताणाने कोंडलेला. जो मोंटानाने प्रेक्षकांकडे बोट दाखवलं: तो बघ, तिथे जॉन कँडी उभा आहे. विनोदी नट तो, सगळ्यांच्या ओळखीचा. बार्टनचा श्वास मोकळा झाला. मग ते 92 यार्ड गेले आणि 34 सेकंद उरले असताना जॉन टेलरला टचडाउन पास मिळाला. मोंटानाचे चार सुपर बोलमधले 11 टचडाउन आणि शून्य इंटरसेप्शन सगळे सांगतात. मी मात्र त्या बार्टनच्या जागी माझ्या मुलाला ठेवून बघते.

तर तुमच्या जावयांना सांगा, महोम्सच्या मोठेपणाचा पुरावा हवा असेल तर त्याने जिंकलेले तीन सुपर बोल बाजूला ठेवा आणि फेब्रुवारी 2021 चा लावा. ब्रेडीच्या टँपाकडून 31–9 असा हरलेला. डावा टॅकल एरिक फिशर दोन आठवड्यांपूर्वी जखमी झाला होता, उजव्या बाजूचा नेहमीचा टॅकलही नव्हता. महोम्सच्या पायाचा अंगठा दुखावलेला. मी तो सामना ब्रेडीसाठी लावला आणि बघत राहिले महोम्सकडे. पॉकेट बनतच नव्हतं. चौथ्या डाऊनला तो मागे मागे पळाला, एकाने पाय धरले, आणि जमिनीला समांतर हवेत असताना त्याने बॉल फेकला तो थेट टचडाउनच्या पट्ट्यात, सहकाऱ्याच्या तोंडासमोरच्या जाळीवर. तो सुटला. हिशेबाच्या वहीत त्याची नोंद एवढीच: पास अपूर्ण, यार्ड शून्य. मी पाहिलेल्या सर्वांत मोठ्या पासांपैकी तो एक आहे.

पुढच्या हंगामात त्याच्या कॅन्सस सिटी संघाने पाचही जागांवर नवे लाइनमन उभे केले. फेब्रुवारी 2023 मध्ये ईगल्सविरुद्ध लाइनने एकही सॅक, म्हणजे पास सुटायच्या आधीच क्वार्टरबॅकला आडवं पाडणं, होऊ दिला नाही, आणि दुखऱ्या घोट्यावर महोम्स 38–35 जिंकला. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच ईगल्सनी त्याला सहा वेळा आडवं केलं आणि 40–22 असं हरवलं. माणूस तोच.

आणि ब्रेडी? मला विचाराल तर आजही पहिला तोच. तेवीस हंगाम. 2000 च्या ड्राफ्टमध्ये 199 वा निवडलेला मुलगा. फेब्रुवारी 2017 ला अटलांटाविरुद्ध त्याचाच पास रॉबर्ट अल्फर्डने पळवला, 82 यार्ड धावत जाऊन टचडाउन केलं, आणि ब्रेडी त्याला धरायला झेपावून जमिनीवर पालथा पडला. पुढे संघ 28–3 मागे पडला. तिथून 34–28 जिंकला. सगळे त्या शेवटच्या डावाबद्दल बोलतात. मला तो उठून पुन्हा हडलमध्ये जाऊन उभा राहिला ते आठवतं, कारण पुढचा पास देताना त्याचा हात जराही आखडलेला नव्हता. महोम्स अजून खेळतो आहे. दहा वर्षांनी हेच विचारा, कदाचित माझं उत्तर बदललेलं असेल.

प्रश्न : ताई, मी पुण्यात संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्वार्टरबॅकचं पासर रेटिंग जास्तीत जास्त 158.3 असतं असं वाचलं. ही कसली विचित्र संख्या? आणि त्यावर विश्वास ठेवायचा का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : संख्या विचित्र आहे खरी, पण तू ती कागदावर मांडलीस की पाच मिनिटांत उलगडेल. हे सूत्र 1973 पासून वापरात आहे. चार गोष्टी घेतात, चारही दर पासामागे: किती पास पोचले, किती यार्ड मिळाले, किती टचडाउन, किती इंटरसेप्शन. प्रत्येकाला शून्य ते 2.375 गुण. चारांची बेरीज, भागिले सहा, गुणिले शंभर. चारही पूर्ण मिळाले तर 9.5 भागिले 6, गुणिले 100, म्हणजे 158.3. त्यासाठी 77.5 टक्के पास पोचायला हवेत, दर पासाला 12.5 यार्ड हवेत, 11.875 टक्के पासांवर टचडाउन हवं आणि इंटरसेप्शन एकही नको.

आता एक गंमत स्वतः करून बघ. समज, एखाद्याने सामनाभर प्रत्येक बॉल जमिनीवर आपटला. पोचलेले पास शून्य, यार्ड शून्य, टचडाउन शून्य. पण इंटरसेप्शनही शून्य, म्हणून त्या एका खान्याचे 2.375 पूर्ण मिळतात. रेटिंग येतं 39.6. जो धडपडतो, धोका घेतो आणि चुकतो, त्याचं याहून कमी येऊ शकतं.

दोष तेवढाच नाही. सॅक यात नाही. पायाने पळून काढलेले यार्ड नाहीत. हातातून निसटलेला बॉल नाही. तिसऱ्या डाऊनला आठ यार्ड हवे असताना दोन यार्डांचा सुरक्षित पास दिला तर रेटिंगमध्ये पास पोचल्याचं श्रेय मिळतं, आणि संघाला मात्र बॉल सोडावा लागतो. दोन यार्डांचा पास घेऊन सहकारी साठ यार्ड धावला तर साठच्या साठ क्वार्टरबॅकच्या खात्यात जमा. चांगला पास सहकाऱ्याच्या हातावर आपटून विरोधकाकडे उडाला तर इंटरसेप्शनही त्याच्याच नावावर.

तरी हे सूत्र मी टाकून देणार नाही. एकाच काळातल्या दोघांची, मोठ्या संख्येने पास असतील तर, ढोबळ तुलना करायला ते बरं आहे. काळ बदलला की मात्र फसवतं. जो नेमथचं कारकिर्दीचं रेटिंग 65.5 आहे, टचडाउन 173 आणि इंटरसेप्शन 220. आजच्या लीगमध्ये एवढ्या रेटिंगच्या माणसाला चार-सहा आठवड्यांत बाकावर बसवतील. नेमथ हॉल ऑफ फेममध्ये आहे आणि तिथे शोभतो. 1967 मध्ये, 14 सामन्यांच्या हंगामात, 4,000 यार्डांपलीकडे जाणारा तो पहिला.

तुझ्यासाठी एक काम सुचवते. कुठल्याही एका सामन्याचे फक्त तिसरे डाऊन वहीत लिही: किती यार्ड हवे होते, किती मिळाले, पॉकेट टिकलं होतं की मोडलं होतं. तीन रकाने पुरेत. दहा सामने झाले की तुझ्याकडे 158.3 पेक्षा कामाचं काहीतरी असेल. झालं की मला जरूर पाठव, मी मनापासून वाचेन.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला क्वार्टरबॅकच व्हायचं होतं. कोचने त्याला लाइनवर उभं केलं. दोन दिवस जेवला नाही. तो म्हणतो, लाइनमनला कुणी ओळखतही नाही. काय सांगू त्याला?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : त्याचं म्हणणं खोटं ठरवू नका, कारण ते खरं आहे. माझा मुलगा चार वर्षं खेळला आणि त्याच्या नावावर एकही आकडा नाही. लाइनमनचे यार्ड नसतात, टचडाउन नसतात. लाउडस्पीकरवर नाव यायचं ते चूक झाली तरच. मीही पहिलं वर्षभर मनातून खट्टू असायची.

कोचशी भांडायला जाऊ नका. तेराव्या वर्षी मुलांची शरीरं दर सहा महिन्यांनी बदलतात, जागाही बदलतात. क्वार्टरबॅकचा हात तयार करायचा असेल तर अंगणात संध्याकाळी अर्धा तास बॉल फेकायला कुणी अडवलेलं नाही. बाबांना झेलायला उभं करा. आणि लाइनवरून त्याला एक गोष्ट शिकायला मिळेल जी क्वार्टरबॅकला कधीच दिसत नाही: पॉकेट आतून कसं मोडतं. ती माहिती असलेला मुलगा पुढे क्वार्टरबॅक झालाच, तर बॉल फार वेळ धरून ठेवणार नाही.

एका बाबतीत मात्र ठाम राहा. डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, मळमळतंय असं तो म्हणाला तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत मैदानावर पाठवायचं नाही, समोर कितीही मोठा सामना असो. हेल्मेट दर हंगामाला नव्याने मापून घ्या. डोक्यावर घालून पुढून धरून हलवलं की कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट नुसतं सरकलं तर ते मोठं आहे.

सामन्याला जाल तेव्हा टचडाउनच्या वेळी बॉलकडे बघू नका, त्याच्याकडेच बघा. घरी आल्यावर त्याने अडवलेल्या मुलाचा नंबर सांगा: बावन्न नंबरला तू तिसऱ्या डाऊनला आत येऊ दिलं नाहीस, मी बघितलं. माझ्या मुलाला मी पहिल्यांदा असं सांगितलं तेव्हा त्याने हातातला चमचा खाली ठेवून विचारलं होतं, "तुला दिसलं?" आणि मग ताटातला सगळा भात संपवला.

आणि चिखलाचे बूट हीटरजवळ ठेवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून रात्रभर दाराशी ठेवा. सकाळपर्यंत वाळतात.